जुनी एसयूव्ही गरम झाली की तिसऱ्या गिअरला अडकते: टीसीएम बदलू का, आणि बदललं तर जुनं की दुरुस्त केलेलं?

भटकी वाट :
नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आता गळ्याशी आलं म्हणून धागा काढतोय.

गाडी २००४ ची एसयूव्ही आहे. व्ही-सिक्स पेट्रोल, पाच स्पीड ऑटोमॅटिक, दोन लाख अकरा हजार किलोमीटर झालेली. कंपनी आणि मॉडेल मुद्दामच लिहीत नाही, नाहीतर अर्धा धागा त्या कंपनीच्या नावाने खडे फोडण्यात जाईल. टीसीएम, म्हणजे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर, केबिनमध्ये डॅशबोर्डखाली वेगळ्या डब्यात आहे.

थंड असताना गाडी अगदी शहाण्यासारखी चालते. वीस-पंचवीस मिनिटं झाली की गाडी एक दणका देते, गिअरचा दिवा लुकलुकायला लागतो आणि ती तिसऱ्या गिअरला जाऊन बसते. मग थांबून पुन्हा निघताना पाय पूर्ण दाबला तरी गुडघे धरून उठल्यासारखी उठते. बंद करून पाच-दहा मिनिटं थांबलं की पुन्हा 'मी नाही त्यातली'.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पी०७०० आला. तिथलं निदान तयारच होतं: "टीसीएम गेलंय. बदलू. त्यानेही नाही झालं तर गिअरबॉक्स उतरवू." ते 'त्यानेही नाही झालं तर' ऐकलं आणि मी किल्ली घेऊन परत आलो.

कंपनीने हे मॉड्यूल बनवायचंच बंद केलंय. स्क्रॅपमध्ये गेलेल्या एका गाडीतलं मिळू शकतं. तर मला सांगा, टीसीएमच गेलंय हे पैसे घालायच्या आधी कसं पक्कं करू? जुन्या गाडीतलं काढून लावलं तर नुसते कपलर (वायरिंगचे जोड) जोडून भागतं का? आणि आहे तेच दुरुस्त होऊ शकतं का? मल्टीमीटर आहे आणि वापरताही येतो. सोल्डरिंग येत नाही.

चौथा गिअर :
पी०७०० हा आजाराचा कोड नाही हो, ती नुसती दारावरची बेल आहे. टीसीएम इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगतं, "माझ्याकडे काहीतरी बिघडलंय, तुझा दिवा लाव." तो दिवा लावतो आणि स्वतःच्या वहीत पी०७०० लिहून ठेवतो. काय बिघडलंय ते टीसीएमच्या वहीत असतं. साधे स्कॅनर फक्त इंजिनची वही वाचतात. टीसीएमच्या आत शिरणारा स्कॅनर शोधा. पी०७०० वरून मॉड्यूल बदला म्हणणारा माणूस बेल ऐकून पाहुणा कोण ते सांगतोय.

जुनं ते सोनं :
म्हणून म्हणतो, क्लचची गाडी घ्या. आमच्याकडे गिअर अडकला तर कॉम्प्युटर लागत नाही, दोन हात आणि एक शिवी पुरते. हलके घ्या.

निवांत :
बाळबोध प्रश्न. अडकायचंच तर तिसऱ्यालाच का? पहिल्याला का नाही?

काळी तार :
निवांत, प्रश्न बाळबोध नाही, मुद्द्याचा आहे.

टीसीएम प्रत्यक्षात काय करतं? इनपुट शाफ्टचा वेग, आउटपुट शाफ्टचा वेग, थ्रॉटल किती उघडलाय, लिव्हर कुठे आहे, ऑइल किती गरम आहे, एवढं वाचतं आणि त्यावरून सोलेनॉइडना, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपांना, वीज देतं किंवा काढून घेतं. सोलेनॉइड ऑइलच्या वाटा उघडतात-मिटतात. आता टीसीएमला स्वतःचाच भरवसा वाटेनासा झाला की ते सगळ्या सोलेनॉइडची वीज तोडून टाकतं. वीज नसताना ऑइल आपसूक ज्या वाटेने जाईल तो गिअर लागतो. डिझाइन करणाऱ्यांनी तो बहुधा मधलाच ठेवलेला असतो, काही गाड्यांत दुसरा, काहींत तिसरा. पहिला ठेवला तर हायवेवर धावत्या गाडीत तो लागला की इंजिनाची वाट लागेल. वरचा ठेवला तर चढावर गाडी हलणार नाही. रखडत का होईना, घरी पोहोचता यावं एवढाच हेतू. यालाच लिंप मोड म्हणतात. ऑइलचं प्रेशरही त्या वेळी कमाल असतं, म्हणून तो दणका.

यातूनच एक फुकटची परीक्षा निघते. १९८७ ते २००१ च्या जीप चेरोकीत आयसिनचा एडब्ल्यू४ गिअरबॉक्स असायचा. त्याच्या टीसीएमचा फ्यूज काढला की लिव्हर डी मध्ये असताना चौथा, ३ मध्ये तिसरा आणि १-२ मध्ये पहिला गिअर मिळतो. मेकॅनिक लोक फ्यूज काढून लिव्हरने हाताने गिअर बदलत गाडी फिरवून बघत. तशी नीट चालली तर क्लच, पट्टे, पंप सगळं ठीक, दोष विजेच्या बाजूला. तशीही घसरली तर गिअरबॉक्स उतरवायचाच. तुमच्या मॉडेलमध्ये वीज नसताना कुठल्या लिव्हरला कुठला गिअर लागतो ते वर्कशॉप मॅन्युअलमध्ये बघा आणि मोकळ्या जागेत, गरम गाडीवर करा.

निवांत :
वाचनखूण साठवली. एवढं सोपं करून आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

नट-बोल्ट :
माझी गोष्ट ऐका आणि शहाणे व्हा. माझ्या जुन्या सात आसनी गाडीला अगदी असंच व्हायचं. एका गॅरेजने टीसीएम बदललं. चार दिवस बरं, पाचव्या दिवशी मूळ पदावर. "हे मॉड्यूलही खराब निघालं" म्हणून दुसरं बदललं. पुन्हा तेच. शेवटी एका म्हाताऱ्या फिटरने एकच प्रश्न विचारला, "स्टार्ट करताना कधी लिव्हर न्यूट्रलला घ्यावा लागतो का?" लागायचा! पार्कला सेल्फच घ्यायची नाही, कधीकधी. त्याने गिअरबॉक्सच्या बाजूचा रेंज स्विच काढला. आत पितळी पट्ट्यांवर हिरवट काळा थर. लिव्हर डी मध्ये आहे की आर आणि एन च्या मध्ये, हे टीसीएमला कळतच नव्हतं. पी०७०६ कोड पहिल्या दिवसापासून आत बसलेला होता, कुणी वाचलाच नव्हता.

दोन मॉड्यूल घरात पडलीत. कुणाला पेपरवेट हवे असतील तर सांगा.

जुनं ते सोनं :
सेल्फ न्यूट्रलला लागते आणि पार्कला नाही, हे इतके दिवस खटकलं नाही तुम्हाला?

नट-बोल्ट :
खटकलं. "गाडीची सवय आहे" म्हणून सोडून दिलं. जुन्या गाडीच्या सगळ्या रोगांना आपण सवयीच म्हणत असतो.

सोल्डरताई :
मी गाड्या नाही, पण गाड्यांचे डबे दुरुस्त करते, म्हणून लिहिते.

'गरम झाल्यावर बिघडतं, थंड झाल्यावर सुधारतं' हे लक्षण डब्याच्या बाजूने बोलतं खरं, पण एकट्या डब्याच्या नाही. सोलेनॉइडची कॉइल, स्पीड सेन्सर, वायरिंगमधला तुटत आलेला तारेचा धागा, सगळे असंच वागतात. फरक ओळखायची युक्ती: जे गरम होतंय ते एकेक करून वेगळं गरम करा. तुमचा डबा केबिनमध्ये आहे, म्हणजे गिअरबॉक्स थंड ठेवून डबा एकटा तापवता येतो. सकाळी थंड गाडी चालू करा, पार्कमध्येच ठेवा, स्कॅनर लावून टीसीएमशी बोलणं चालू ठेवा आणि हेअर ड्रायरने डबा शेकत राहा. हाताला चटका बसेल इतका नको, नुसता चांगला गरम. गिअरबॉक्स थंड असताना टीसीएम बोलायचं थांबलं तर चोर सापडला. मग पंखा लावून थंड करा, पुन्हा बोलायला लागलं तर पंचनामा पूर्ण.

पण त्याआधी कपलरवर येणारी वीज आणि अर्थिंग तपासा. डबा गेलाय म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचा डबा धडधाकट असतो.

काळी तार :
ताईंना अनुमोदन. आणि अर्थिंग ओहमवर तपासू नका, कृपा करून. तारेचे वीस धागे तुटून एकच उरला असेल तरी मीटर शून्य ओहमच दाखवणार, कारण मीटर सोडतो तो करंट नगण्य. गाडी चालू ठेवा, मीटर डीसी व्होल्टवर, लाल टोक टीसीएमच्या अर्थच्या पिनला कपलरच्या मागून बारीक टाचणीने लावा, काळं टोक बॅटरीच्या मायनसला. ०.१ व्होल्टच्या आत यायला हवं. अर्धा व्होल्ट आला तर डबा बाजूला ठेवा आणि अर्थची तार बॉडीला कुठे बसवलीय तो बोल्ट शोधा. टाचणी पुढून खुपसू नका. पिनचं तोंड फाकलं की नवा रोग तुम्हीच लावला.

भटकी वाट :
सगळ्यांचे आभार. एका मित्राकडचा चांगला स्कॅनर मिळाला. इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये पी०७०० आणि यू०१०१. टीसीएममध्ये एकच, पी०८८२. रेंज स्विचचा कोड नाही, स्पीड सेन्सरचा नाही.

चौथा गिअर :
यू०१०१ म्हणजे टीसीएमने संदेशांना उत्तर देणं बंद केलं. पी०८८२ म्हणजे टीसीएम म्हणतंय, "मला वीज कमी पडतेय." दोन्ही एकत्र म्हणजे एकतर वीज पोहोचत नाहीये, किंवा पोहोचतेय पण डब्याच्या आत गिळली जात नाहीये. बिघडलेल्या अवस्थेत मोजा. सुधारल्यावर मोजून काही उपयोग नाही. सोबत बॅटरीही बघा: बंद गाडीला १२.६ च्या आसपास, चालू असताना १४ च्या आसपास.

हौशी कलाकार :
सीटखालचं कार्पेट ओलं आहे का बघा. माझ्याकडे सनरूफच्या निचऱ्याची नळी तुंबली होती. पाणी खांबाच्या आतून उतरून कार्पेटखाली साचायचं आणि तिथेच मॉड्यूल. वरून कार्पेट कोरडं ठणठणीत, खालचा फोम पिळला तर बादली भरली.

ऑइलवाला :
एवढं सगळं करण्याआधी गिअरबॉक्सचं ऑइल बदललं का? दोन लाख किलोमीटर! मशीन लावून पूर्ण फ्लश करून घ्या, निम्मे रोग तिथेच जातात.

नट-बोल्ट :
वीज कमी पडण्याचा कोड ऑइल बदलून जाणार? मग माझा मोबाइल चार्ज होत नाहीये, त्यातही दोन थेंब टाकून बघतो.

काळी तार :
ऑइल बदलणं चांगलंच, पण या रोगाचं ते औषध नाही. आणि दोन लाखांपर्यंत कधीच न बदललेल्या गिअरबॉक्सला मशीनचा फ्लश मी तरी करणार नाही, साचलेला गाळ व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसायची भीती. खालचा पॅन उघडा, चुंबकावरची काजळी बघा, फिल्टर बदला, निघालं तेवढंच भरा. काही आठवड्यांनी पुन्हा तेच करा.

ऑइलवाला :
आमच्याकडे वर्षानुवर्षं फ्लश करतोय, एकही गिअरबॉक्स गेला नाही.

काळी तार :
गेलेले तुमच्याकडे परत येत नसतील. असो, यावर वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

रानवाट :
अवांतर, पण माझ्या गाडीत टीसीएम सापडतच नाहीये. डॅशबोर्ड उघडला, सीट काढल्या. गिअरबॉक्स झेडएफचा सहा स्पीड, ६एचपी२६.

चौथा गिअर :
सीट परत बसवा. ६एचपी मध्ये टीसीएम गिअरबॉक्सच्या आत आहे, व्हॉल्व्ह बॉडीवर (ऑइलच्या वाटा असलेल्या ठोकळ्यावर), ऑइलमध्ये बुडालेलं. त्या जोडगोळीला मेकॅट्रॉनिक म्हणतात. ते बदलायचं तर ऑइलचा पॅन उतरवावा लागतो. त्या पॅनमध्येच फिल्टर असतो, त्यामुळे पॅन अख्खाच बदलतात.

रानवाट :
सीट आता नीट बसेना. एक रेल तिरकी जातेय. वेगळा धागा काढतो.

सोल्डरताई :
आत-बाहेर वरून आठवलं. मर्सिडीजच्या ७२२.६ या पाच स्पीड गिअरबॉक्सचा डबा बाहेर असतो, तरी त्याच्यापर्यंत ऑइल पोहोचतं. गिअरबॉक्सच्या १३ पिनच्या कपलरमधल्या रबरी रिंगा सुकतात, तिथून ऑइल वायरिंगच्या आत शिरतं आणि दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं तारांमधून चढत चढत थेट डब्यात. लोक डबा बदलतात आणि ती रिंग तशीच ठेवतात. भटकी वाट, तुमच्या डब्याचा कपलर काढला की आधी पिना पांढऱ्या कपड्याने पुसून बघा. लालसर डाग आला तर डब्याआधी कपलर.

निवांत :
ऑइल स्वतःच्या पायाने चालत केबिनमध्ये येतं हे वाचून झोप उडाली.

भटकी वाट :
अहवाल देतो. रविवारचा दिवस यातच गेला.

पिना कोरड्या, कार्पेट कोरडं. थंड असताना अर्थवर ०.०४ व्होल्ट, सप्लाय १३.९. मग हेअर ड्रायर. सहाव्या-सातव्या मिनिटाला स्कॅनरवरचे आकडे एकदम गोठले, दिवा लुकलुकला. त्याच क्षणी पुन्हा मोजलं: अर्थवर ०.०४, सप्लाय १३.९. म्हणजे दारात वीज हजर आहे आणि आतला म्हणतोय मिळत नाही. पंखा लावला, किल्ली बंद करून पुन्हा चालू केली, बोलायला लागला. तीन वेळा केलं, तीनही वेळा तेच.

एक जाणवलं. डबा सगळीकडून तापवायची गरज नव्हती. कपलरच्या उजव्या कोपऱ्यावर ड्रायर धरला की लगेच बिघडतो, डाव्या बाजूला धरला तर बराच वेळ काही होत नाही.

सोल्डरताई :
वा! यापेक्षा चांगलं निदान मी स्वतःही केलं नसतं. कपलरच्या पिना जिथे बोर्डला झाळलेल्या असतात तिथे टाक्याभोवती गोल केसाएवढी चीर पडते. वर्षानुवर्षं तापणं, गार होणं, हादरणं, आणि पीळ नेमका तिथे पडतो. नुसत्या डोळ्याला टाका चांगला दिसतो, भिंगाखाली पिनेभोवती करडं वर्तुळ दिसतं.

दुरुस्त होईल का? आतला बोर्ड कसला आहे त्यावर. साधा हिरवा बोर्ड असेल तर जुनं सोल्डर काढून नवं घालायचं, वरचं संरक्षक लेपन पुन्हा द्यायचं. आत चिनी मातीसारखी पांढरी पट्टी आणि तिच्यावर जेली ओतलेली असेल तर तिथे डाग देण्याचं काम नाही. त्यात केसाहून बारीक ॲल्युमिनियमच्या तारा असतात, त्या जोडायला वेगळं यंत्र लागतं. साध्या सोल्डरिंगवाल्याच्या हातात तो डबा देऊ नका.

काळी तार :
आणि डबा कुठलाही लावा, त्याआधी सोलेनॉइडचे ओहम मोजा. एखादं सोलेनॉइड आतून शॉर्ट असेल तर ते नव्या डब्यातला ड्रायव्हर, म्हणजे सोलेनॉइडला वीज देणारा भाग, तोही जाळेल. लोक दुसरं मॉड्यूल 'खराब निघालं' म्हणतात तेव्हा बऱ्याचदा हेच झालेलं असतं.

भटकी वाट :
मोजले. थंड असताना पाचही १२ च्या आसपास. गाडी फिरवून आल्यावर मोजले तर सगळे १५ च्या वर! गेली का सगळी?

काळी तार :
नाही, नाही. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. २० अंशांवरून ९० वर गेलात म्हणजे सव्वापटीहून थोडा जास्त. १२ चे १५ व्हायलाच हवेत. पाचातलं एकच ८ वर किंवा अनंतावर गेलं असतं तर काळजी. मॅन्युअलमधले आकडे बहुधा २० अंशांचे असतात, हे लिहायला ते विसरत नाहीत, वाचायला आपण विसरतो.

जुनं ते सोनं :
मी इथे टिंगल करायला आलो होतो, आता चक्क शिकतोय. अपमानास्पद आहे.

भटकी वाट :
हिरवा बोर्ड निघाला. एका इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाल्याकडून कपलरच्या सगळ्या पिना झाळून घेतल्या. आज आठवडा झाला, गाडी एकदाही अडकली नाही. दीड तास सलग चालवली. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

हौशी कलाकार :
अभिनंदन! धागा कुलूपबंद करायला हरकत नाही.

सोल्डरताई :
थांबा. बोर्डच्या दोन्ही बाजूंनी झाळलं का? जुनं सोल्डर पूर्ण काढलं की वरूनच नवं चढवलं?

भटकी वाट :
ताई, वरूनच. आणि तुम्ही विचारलंत आणि तिसऱ्या आठवड्यात ती पुन्हा अडकली. तुमच्या तोंडात साखर पडायला हवी होती, पडलं भलतंच. :(

परत उघडला. या वेळी दुसऱ्या माणसाने भिंगाखाली बघितलं. पिनेच्या भोकाच्या आतलं तांबंच सुटलंय, शिवाय शेजारचा एक ट्रॅक (बोर्डवरची तांब्याची रेघ) जास्त उष्णतेने उचलला गेलाय. तो म्हणाला, तार टाकून देतो पण हमी नाही. म्हणून आता स्क्रॅपमधलं मॉड्यूल बघतोय. मूळ दुसऱ्या प्रश्नावर परत आलो: नुसतं जोडून चालेल?

चौथा गिअर :
पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. पुढचे आकडे सारखे आणि शेवटचं अक्षर वेगळं असेल तर आतला प्रोग्रॅम वेगळा असू शकतो. इंजिन, टू-व्हील की फोर-व्हील, टायरचा आकार, सगळं बघा. जुनं मॉड्यूल फेकू नका, मेलं असलं तरी.

नट-बोल्ट :
बॅटरीचं मायनस काढून थोडा वेळ थांबा, मगच कपलरला हात लावा. हात आधी गाडीच्या धातूला टेकवा. माझ्या दोन पेपरवेटपैकी एक बहुतेक माझ्याच स्वेटरने मारला असावा.

भटकी वाट :
बसवलं. पार्ट नंबर तंतोतंत जुळणारं मिळालं. पहिले काही किलोमीटर गिअर जरा धसमुसळे पडत होते, नंतर सुधारले. गरम करून बघितलं, ड्रायर मारून बघितलं, अडकत नाही.

पण नवीनच गंमत. जीपीएस १०० दाखवतं तेव्हा गाडीचा काटा ९१ वर. आधी असं नव्हतं. मॉड्यूल बदलून स्पीडोमीटर कसा बिघडला?

निवांत :
म्हणजे किलोमीटरही कमी पडणार. गाडी तरुण होत चाललीय.

काळी तार :
तुमच्या गाडीत वेगाचा आकडा टीसीएम बनवतं. ते आउटपुट शाफ्टचे फेरे मोजतं आणि फायनल ड्राइव्हचा, म्हणजे डिफरन्शियलचा, रेशो आणि टायरचा घेर धरून हिशेब करतं. तुमच्या डिफरन्शियलचा रेशो किती? दारावरच्या किंवा हाउसिंगवरच्या पट्टीवर असेल. आणि ज्या गाडीतलं मॉड्यूल काढलं तिचा?

भटकी वाट :
माझा ३.७३. ती गाडी ट्रेलर ओढायचं पॅकेज असलेली होती, ४.१०.

काळी तार :
३.७३ भागिले ४.१० करा. ०.९१. तुमचा काटा. नव्या डब्याला अजून तो जुन्याच गाडीत आहे असं वाटतंय. पार्ट नंबर तोच, कारण डबा आणि प्रोग्रॅम तोच, पण गाडीचे आकडे आत वेगळे साठवलेले असतात. क्रायस्लरच्या बऱ्याच गाड्यांत याला पिनियन फॅक्टर म्हणतात आणि तो स्कॅनरने भरता येतो. तो भरला नाही तर गिअर बदलायचा वेगही चुकतो.

सोल्डरताई :
कंपनीच्या स्कॅनरने भरता येत नसेल तर दुसरा मार्ग. हे आकडे बहुधा बोर्डवरच्या आठ पायांच्या छोट्या मेमरी चिपमध्ये असतात, ९३सी६६ किंवा ९५०८० अशा नावाच्या. जुन्या डब्याची चिप जिवंत असणार, तुमचा बिघाड वीज येण्याच्या वाटेवर होता. तिच्यातला मजकूर वाचून नव्या डब्यात उतरवायचा. दोन्ही डब्यांचा मजकूर आधी वाचून जपून ठेवा. प्रत्येक चिप दोनदा वाचा, दोन्ही फायली अक्षर न् अक्षर जुळल्या तरच पुढे. चिमटा एका पायावरून जरी सरकला तरी फाइल बनतेच, फक्त ती कचरा असते आणि दिसायला खऱ्यासारखीच असते.

म्हणून चौथा गिअर म्हणाले ते सोन्यासारखं: मेलेला डबा फेकू नका. त्याच्यात तुमच्या गाडीची ओळख आहे.

भटकी वाट :
झालं! ताईंनी सांगितलं तसंच केलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन फायली जुळल्याच नाहीत. चिपवरचा लेप खरवडून पुन्हा चिमटा लावल्यावर जुळल्या. उतरवून डबा बसवला. जीपीएस १०० ला काटाही १००, पूर्वी होता तेवढाच. व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) जुळत नसल्याचा एक कोड येत होता, तोही गेला.

पण आता गिअर पुन्हा धसमुसळे, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना.

काळी तार :
मेमरीसोबत तुमच्या जुन्या, बिघडलेल्या दिवसांची शिकवणही उतरली. स्कॅनरमध्ये ॲडाप्टेशन, म्हणजे ही शिकवण, पुसायचा पर्याय असेल, तो वापरा. मग ऑइल पूर्ण गरम करून, पाय हलका ठेवून, पहिल्यापासून पाचव्यापर्यंत सावकाश नेत थांबवत पंधरा-वीस वेळा करा. क्लच किती ऑइलने भरतात ते टीसीएम त्यातून मोजून शिकतं. पहिल्या दिवशी शर्यत लावलीत तर शर्यतीचंच शिकेल.

ऑइलवाला :
आणि आता तरी ऑइल बदला.

भटकी वाट :
बदललं ऑइलवाला साहेब. पॅन उघडून, फ्लश न करता. चुंबकावर बारीक करडी काजळी होती, तुकडे नव्हते.

ऑइलवाला :
फ्लश न करता. बरं.

वाचनमात्र_७ :
हा धागा शोधातून सापडला. माझंही गरम झाल्यावर असंच होतं, कोड पी०७१५. मीही टीसीएम बदलू का?

चौथा गिअर :
नको! पी०७१५ इनपुट स्पीड सेन्सरचा आहे. आधी सेन्सर, मग त्याची वायरिंग, डबा सगळ्यात शेवटी. पहिल्यापासून वाचा, ड्रायर घ्या, पण या वेळी ड्रायर सेन्सरच्या कपलरवर.

सोल्डरताई :
भटकी वाट, तो जुना डबा आता काय करताय? भोकाच्या आतलं तांबं सुटलंय म्हणालात, ते मला एकदा भिंगाखाली बघायचंय. रिव्हेट घालून जिवंत होतो का बघते. झाला तर तुमच्याकडे स्पेअर राहील.

भटकी वाट :
पाठवतो ताई. नट-बोल्ट यांचेही दोन मागून घ्या.

नट-बोल्ट :
एक देतो. दुसऱ्याखाली बिलं दाबलीत, मॉड्यूलचीच.

जुनं ते सोनं :
विचारायला लाज वाटतेय, पण विचारतो. माझ्या क्लचच्या गाडीत काल चढावर पाचव्या गिअरला इंजिन जोरात फिरायला लागलं आणि गाडी मात्र तेवढीच. वासही आला. नवीन धागा काढू की इथेच टिंगल करून घेऊ?